कवळाण्याचा गोपाळ आणि अमरेलीचा पट

गेल्या वर्षी जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा पुरावा हवा होता. वडिलांचा दाखला होता, पण समितीला त्याच्या आधीचा कागद पाहिजे होता. म्हणून मी आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत गेले. मुख्याध्यापक सरांनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. तासभर शोधल्यावर आजोबांचे नाव सापडले. १९५२ साली जून महिन्यात पहिलीत दाखल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नाव कमी. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात दोनच शब्द होते, ते म्हणजे सतत गैरहजर.

घरी येऊन मी आजीला विचारले. तिने सांगितले की त्या वर्षी घरात दोन म्हशी घेतल्या होत्या आणि त्यांच्यामागे जायला दुसरे कोणी नव्हते. आजोबा आता हयात नाहीत. बँकेत आणि सोसायटीत त्यांनी जन्मभर अंगठाच उठवला. शाळेच्या पटावर त्यांचे नाव होते हे मात्र मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. माझी समजूत अशी की आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही. पाहिले होते, तीन महिने.

हे सारे सांगण्याचे कारण असे की त्याच सुमारास इतिहासाच्या तासाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा विषय निघाला. हिंदुस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम त्यांनी सुरू केले, एवढे एक वाक्य सरांनी सांगितले आणि ते पुढे गेले. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकले. सयाजीराव म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे फेटा, हिऱ्यांचे हार आणि बडोद्याचा राजवाडा येतो; नाहीतर बाबासाहेबांना परदेशी पाठविणारे महाराज म्हणून पाठ्यपुस्तकातली एक ओळ आठवते. पण हे महाराज जन्माने आमच्याच भागातले. मालेगाव तालुक्यातले कवळाणे, ज्याला आमच्याकडे कौळाणे म्हणतात, हे त्यांचे गाव. माझ्या गावाहून एस. टी. ने फार तर तासाभराची वाट. आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत हा मुलगाही जवळजवळ निरक्षर होता. मग ग्रंथालयात जेवढे मिळाले तेवढे वाचले. त्यातून मला जे समजले ते येथे मांडते.

मार्च १८६३ मध्ये कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांच्या घरी हा मुलगा जन्मला. नाव गोपाळ. आईचे नाव उमाबाई. हे घराणे बडोद्याच्या गायकवाडांचीच एक दूरची पाती, पण गादीशी संबंध नावापुरता उरलेला. शेती करायची, गुरे राखायची, असा सारा कुणब्याचा संसार. गोपाळला दोन भाऊ, आनंदराव आणि संपतराव. आपल्या भागातला उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला हे बालपण वेगळे सांगायला नको. त्या मुलाचे पुढे काय व्हायचे ते ठरलेलेच होते. बापाच्या मागे नांगर धरायचा, आणि काय!

ते बदलले ते बडोद्यातल्या घडामोडींमुळे. खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या. त्यातच ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावर विषप्रयोग झाल्याचे प्रकरण उद्भवले. चौकशी झाली, चौकशी मंडळाच्या सभासदांचे एकमत झाले नाही, तरी १८७५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. वंशातली मुले शोधता शोधता माणसे कवळाण्याला पोहोचली. काशीराव मुलांना घेऊन बडोद्याला गेले. जमनाबाईंनी तिघांतून गोपाळला निवडले. इथे कशासाठी आलास असे विचारल्यावर या मुलाने राज्य करायला आलो असे उत्तर दिले, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. खरी असो वा नसो, लोकांना ती आवडते. मला वाटते, ती आवडते याचे कारण उत्तर धीट आहे एवढेच नव्हे, ते देणारा आपल्यासारखाच उन्हात रापलेला पोर आहे, हे होय. मे १८७५ मध्ये दत्तकविधी झाला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

राजवाड्यात गेल्यावर पहिले काम कोणते, तर शाळा. सर टी. माधवराव हे दिवाण म्हणून कारभार पाहत होते आणि एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. महाराजांसाठी वेगळी शाळा काढली, सोबतीला इतर मुले बसवली. बाराव्या वर्षी धुळाक्षरे! मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम. पहाटेपासून तालीम, घोडेस्वारी, मग वर्ग. सहा वर्षे हा क्रम चालला आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाची एकोणिसावी पुरी होण्याआधी, राज्यकारभार पूर्णपणे त्यांच्या हाती आला. मी आता त्याच वयाची आहे. माझ्या हातात हा लेख आहे, त्यांच्या हातात वीस लाखांहून अधिक माणसांचे राज्य होते.

उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत अधिक कळते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. उशिरा शिकून मोठे झालेले पुष्कळ लोक आपल्यामागचा दरवाजा लावूनही घेतात. सयाजीरावांनी तो लावला नाही, हे त्यांचे वेगळेपण. त्याला त्या काळाचाही हातभार होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती. सरकारने ती बाजूला ठेवली. शेतकऱ्यांच्या दैन्यावर फुले जे पुस्तक लिहीत होते त्यातला काही भाग त्यांनी सयाजीरावांना वाचून दाखविला होता. शिक्षणावाचून शूद्र शेतकरी कसा नागवला जातो, हे ज्या तरुण राजाने ऐकले तो काही वर्षांपूर्वी स्वतःच शेतकऱ्याचा अडाणी मुलगा होता. ऐकताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

बडोदे संस्थान सलग नव्हते. गुजरातेत कडी, बडोदे आणि नवसारी असे तुकडे आणि दूर काठेवाडात अमरेलीचा प्रांत. मध्ये दुसऱ्यांची राज्ये. अमरेली हे प्रांताचे ठिकाण असले तरी तसे लहानसे, भोवतालच्या खेड्यांच्या बाजारावर जगणारे गाव. पाऊस कमी, लोक शेती करणारे आणि ढोरे पाळणारे. बडोद्यासारखे शहर हाताशी असताना महाराजांनी प्रयोगाला ही जागा निवडली. १८९३ मध्ये अमरेली गाव आणि आसपासची नऊ खेडी यांत सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. मुलांसाठी वय सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. त्या वेळी अवघ्या ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा कुठेही नव्हता. खुद्द इंग्लंडात सक्तीचे शिक्षण सर्वत्र लागू होऊन जेमतेम तेरा वर्षे झाली होती.

सक्ती हा शब्द उच्चारायला सोपा आहे. प्रत्यक्षात ती करायची म्हणजे काय काय करावे लागते, हे मला वाचूनच कळले. पहिली गोष्ट म्हणजे गावात मुले किती आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. जन्माची नोंद नाही, वयाचा पत्ता नाही. अमक्या दुष्काळात जन्मला, तमक्या पुरानंतर जन्मला, एवढाच हिशेब. तेव्हा घरोघर हिंडून शाळेच्या वयाच्या मुलामुलींची यादी करायची. मग आईबापांना कळवायचे. आजारी, अपंग, शाळेपासून फार दूर राहणारे, अशांना सूट द्यायची. उरलेल्यांतून कोण आले नाही ते पाहायचे, समज द्यायची, तरी ऐकले नाही तर दंड करायचा. या सगळ्याच्या आधी मुलांना बसायला जागा आणि शिकवायला मास्तर हवा. इमारती नव्हत्या, धर्मशाळेत, देवळात, कोणाच्या ओसरीवर वर्ग भरवावे लागत. लहान खेड्यांसाठी महाराजांनी आधीच ग्रामशाळांची सोय काढली होती. पंधरा-सोळा मुले मिळाली की त्या खेड्याला मास्तर मिळायचा, आणि हा मास्तर गावच्या पाटील-तलाट्यासारखाच गावचा एक कामगार मानला जायचा.

पंधरा-सोळा मुले! हा आकडा वाचून मी थांबले. आमच्या गावच्या शाळेचा आजचा पट चौदा आहे. पहिली ते चौथी मिळून चौदा, शिक्षक दोन. बाकीची मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात जातात. पट कमी झाला म्हणजे शाळा बंद होईल की काय, या काळजीने शिक्षक मे महिन्याच्या उन्हात घरोघर फिरताना मी पाहिले आहेत. एकशे तीस वर्षांपूर्वी ज्या संख्येवर शाळा उघडत होती तिच्या आसपासच आज ती मिटण्याची भीती असते.

अमरेलीत विरोध झाला नाही असे समजण्याचे कारण नाही. विरोध बोलून होत नसे, मुलगा शेतावर पाठवून होत असे. कापसाच्या वेचणीला, ढोरांमागे, धाकट्या भावंडाला सांभाळायला मूल लागे. दंड हा आईबापांना अन्यायच वाटे. एका अर्थी तो होताही. ज्याच्या घरात पोराच्या हातावर पोट आहे त्याच्याकडून दंड वसूल करायचा म्हणजे गरिबीबद्दलच शिक्षा करायची. ज्याला गडी ठेवणे परवडते त्याला हा दंड कधी भरावाच लागत नाही. महाराजांचे चरित्रकार या गोष्टीवरून जरा भराभर पुढे जातात असे माझे मत झाले. दुसरीकडे मी असेही म्हणते की १९५२ साली आमच्या गावात कोणी आमच्या पणजोबांच्या दारात दंडाची नोटीस घेऊन उभा राहिला असता तर बरे झाले असते. म्हशींचे काहीतरी झालेच असते. ही दोन्ही मते एकाच डोक्यात कशी राहतात हे मला सांगता येत नाही, पण राहतात.

मुलींचा प्रश्न त्याहून बिकट. दहाव्या वर्षापर्यंत शिकवायचे म्हटले तर नवव्या वर्षी लग्न होऊन मुलगी सासरी गेलेली. शिक्षिका मिळत नसत, पुरुष मास्तरापुढे मुलीला बसवायला घरचे तयार नसत. तेव्हा एकटा शाळेचा कायदा पुरणार नव्हता. १९०४ मध्ये बडोद्यात बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा यायला १९२९ उजाडावे लागले. बडोद्याचा कायदा मोडणारेही हजारोंनी होते, दंड भरून लग्ने लागतच होती. परंतु शाळेचा पट वाढवायचा तर शाळेबाहेरच्या गोष्टींत हात घालावा लागतो, हे या राजाने ओळखले होते.

अमरेलीचा प्रयोग हळूहळू तालुक्यातल्या इतर गावांत नेण्यात आला. इतक्यात छपन्नचा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० सालचा तो भयंकर दुष्काळ. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांच्या खाली आली. साडेचार लाखांहून अधिक माणसांची तूट! भुकेने, पटकीने, तापाने माणसे गेली. कित्येक गावे सोडून गेली. अशा वेळी शाळेची हजेरी कोण घेणार? दुसरा कोणी राजा असता तर प्रयोग गुंडाळला गेला असता आणि कोणी नावही ठेवले नसते. येथे उलट घडले. १९०६ मध्ये सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानाला लागू झाले.

याचा परिणाम काय झाला, ते नामदार गोखल्यांनी मांडलेल्या आकड्यांवरून कळते. १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा त्यांच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा बडोद्याचा होता. बडोद्यात शाळेच्या वयाच्या दर शंभर मुलांपैकी ७९.६ शाळेत होते, ब्रिटिश मुलखात २१.५. मुलींत बडोद्याचे प्रमाण ४७.६, ब्रिटिश मुलखात अवघे ४. खंडणी वगळता संस्थानाचे उत्पन्न सुमारे १२३ लाख, त्यातले साडेसात लाख प्राथमिक शिक्षणावर जात होते. ज्या सरकारला आरमार आणि रेल्वे परवडत होती त्याला शाळा परवडत नव्हत्या आणि एका मांडलिक राजाला परवडत होत्या! गोखल्यांचे विधेयक फारच सौम्य होते. नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना वाटले तर त्यांनी सक्ती करावी, एवढीच मुभा त्यात होती. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत आपलेच जमीनदार आणि प्रतिष्ठित लोकही होते. पोरे शाळेत गेली तर शेतावर मजूर कोठून आणायचे, ही धास्ती साहेबापेक्षा त्यांनाच अधिक.

आता यातली दुसरी बाजू सांगितली पाहिजे. पट म्हणजे हजेरी नव्हे आणि हजेरी म्हणजे शिकणे नव्हे. १९११ च्याच खानेसुमारीत बडोद्यात साक्षर माणसे शंभरात सुमारे दहा निघाली. देशाच्या मानाने हे प्रमाण बरेच वरचे होते, कारण देशात ते सहाच्या आत होते. आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळा मिळालीच नव्हती, हेही खरे. तरीदेखील शंभरातली ऐंशी मुले शाळेत असलेल्या राज्यातून आणखी जास्त काही निघायला हवे होते असे वाटते. एकेका मास्तराकडे तीन-चार वर्ग, पावसाळ्यात गळणारी जागा, तपासणीच्या दिवशी भरलेली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी शाळा. हे चित्र आपल्यापैकी खेड्यातून आलेल्यांना वाचून शिकण्याची गरज नाही. आणि यातून जी मुले तिसरी-चौथी शिकून बाहेर पडत तीही पुढे विसरत. शेतात गेल्यावर वाचायचे काय? घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. पाच वर्षांत अक्षरे पुसली जात.

सयाजीरावांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट येथे येते. त्यांनी दोष आईबापांवर ढकलला नाही, मुलांवर तर नाहीच. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून घेतले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, पण खरी मौज पुढेच आहे. खेड्याने काही वर्गणी जमवायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. अशा तिहेरी पैशांतून गावोगाव वाचनालये निघू लागली. जेथे तेही शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवीत. पेटी गावात येई, मास्तराकडे किंवा एखाद्या होतकरू माणसाकडे राही, ठरलेल्या मुदतीनंतर परत जाई आणि दुसरी येई. त्यासाठी वाचणाऱ्याला एक पैसाही पडत नसे. गुजरातेत मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकांनी ही चळवळ खेड्यांत रुजविली. बॉर्डन तीन वर्षांनी परत गेले, काम चालू राहिले. आमच्या शाळेतही पुस्तकांची एक पेटी होती, पण तिला कुलूप असे, कारण पुस्तके फाटली तर भरून कोण देणार!

अस्पृश्य मुलांच्या शाळांबद्दल लिहिल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. महाराजांनी अगदी सुरुवातीला, १८८० नंतरच्या काही वर्षांतच, अंत्यजांसाठी वेगळ्या शाळा काढल्या होत्या. तेथे शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे पंडित आत्माराम यांच्यासारखा आर्यसमाजी कार्यकर्ता या कामाला मिळाला, वसतिगृहे निघाली. सोनगढला आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाची शाळा झाली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. येथपर्यंत सर्वांना माहीत असते. पुढचे फार कमी लोक सांगतात. करारानुसार १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा त्या सबंध शहरात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने ते राहिले. कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या राजाने त्यांना सातासमुद्रापार पाठविले त्याच्याच राजधानीत हे घडले. महाराजांचा हुकूम शाळेच्या पटापर्यंत पोहोचत होता, घरमालकाच्या उंबऱ्यापर्यंत नाही. हे त्यांचे अपयश मानायचे की समाजाचे, यावर आमच्या वर्गात चांगलाच वाद झाला. माझे मत असे की राजाच्या पदरी एवढा मोठा वाडा असताना एक खोली त्याला सहज देववली असती.

वाड्यावरून आठवले. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला आणि अमरेलीचा प्रयोग १८९३ मध्ये सुरू झाला. खजिना एकच. महाराजांचे परदेशचे दौरेही पुष्कळ, १८८७ पासून जे सुरू झाले ते आयुष्यभर. प्रजेचा पैसा युरोपात उधळतात अशी टीका त्या काळीही झाली. ती सगळी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच प्रवासांतून बॉर्डन आले आणि पुस्तकांच्या पेट्या आल्या, हेही हिशेबात धरायला हवे.

त्यांच्या घरातले दुःख कमी नव्हते. पहिल्या महाराणी चिमणाबाई १८८५ मध्ये लहान वयातच गेल्या. पुढे १९०८, १९१९ आणि १९२३ अशी तीन मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या महाराणी, त्यांचेही नाव चिमणाबाईच, या पडदा सोडून सार्वजनिक कामात आल्या आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रीतसर वाकले नाहीत म्हणून सरकारचा रोष झाला, ते प्रकरण प्रसिद्धच आहे. गादीच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गादी नातवाकडे, प्रतापसिंहांकडे गेली.

त्यांचा कित्ता तोवर इतरांनी गिरवला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुंबई इलाख्यात १९१८ आणि १९२३ मध्ये कायदे झाले, पण खेड्यांत ते बहुतांशी कागदावर राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० मध्ये साताऱ्यात जे हायस्कूल काढले त्याला महाराजा सयाजीरावांचे नाव दिले. खेड्यातल्या गरीब मुलांनी काम करून शिकावे अशी त्याची योजना होती. सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभर लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. अमरेलीनंतर एकशे सतरा वर्षांनी.

दिवाळीच्या सुट्टीत मी कवळाण्याला जाऊन आले. कांद्याची लावणी चालू होती. बांधावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा शेळ्या वळत बसला होता. सुट्टीच होती, त्यामुळे त्याला काही विचारण्याचा प्रश्न नव्हता. तरी मी विचारले. तो तिसरीत होता आणि त्याने मला न अडखळता शाळेचे, बाईंचे आणि आपल्या सगळ्या शेळ्यांचे नाव सांगितले.

त्या पिवळ्या पानाची नक्कल मुख्याध्यापक सरांनी सही-शिक्क्यानिशी दिली, ती मी समितीकडे जोडली. आजोबांना त्या तीन महिन्यांत आपले नाव लिहिता यायला लागले होते की नाही, आजीला आठवत नाही. समितीने नोंद ग्राह्य धरली आणि माझे प्रमाणपत्र मार्चमध्ये आले.